जितू माइकवाल्याचे डोळे

जितू माइकवाला सकाळीच पिऊन मांडवात येतो, ही बातमी नरडाण्यात आमच्या गल्लीतल्या शालिग्राम नानांनी पसरवली. नानांनी पसरवली म्हणजे चहा निवायच्या आत ती स्टेशनापर्यंत पोचली. खरं तर पाहुण्यांनी आग्रह केला तरी जितू सरबतसुद्धा घेत नाही, घसा बसेल म्हणून. डोळे लाल दिसायचे ते चोळून चोळून. लहानपणापासून पाहतोय, पोरगा डोळे असे चोळायचा की जणू करपलेलं पातेलं घासतोय.

लग्नात माइकवर पाहुण्यांचं नावानिशी स्वागत करणं, हा त्याचा धंदा. आपल्याकडे लोक जेवणापेक्षा नावाचे भुकेले. माइकवर नाव आलं नाही तर वरण आळणी लागतं. जितूला पंचक्रोशीतले भाऊबंद पाठ, आणि आवाज असा की साध्या मेहुण्यालाही आमदार झाल्यासारखं वाटावं. पण गेल्या वर्षी एका लग्नात घोटाळा झाला. मांडवाच्या तोंडाशी गुलाबी फेटा दिसला आणि जितू गरजला, "वधूचे मामा जीवराम आबा यांचं हार्दिक स्वागत!" टोपी-टॉवेल देऊन सत्कार झाला. तो माणूस बॅण्डवाला निघाला. त्याने मान वाकवून टॉवेल घेतला आणि खुशीत दुप्पट जोरात वाजवायला लागला. खरे मामा फेटा काढून जीपमध्ये जाऊन बसले. मुलीच्या मागे उभं राहायला मामाच नाही, मंगलाष्टका अडल्या. तिथूनच नानांना 'पिऊन येतो' सापडलं. लोकांनी सुपाऱ्या परत घेतल्या.

जितूला मात्र एका फेट्याचे तीन-चार फेटे दिसत होते, एकावर एक पुसटसे. धुळ्याच्या चष्मेवाल्याने दर खेपेला नंबर बदलला आणि दर खेपेला "आता बघ कसं लख्ख!" म्हणाला. लख्ख झालं ते त्याचंच दुकान. गल्लीत तर प्रत्येकाकडे औषध तयार. कुणी मध घाल म्हणालं, कुणी गुलाबपाणी. ज्यांना स्वतःचा मोबाइल हातभर लांब धरावा लागतो, त्या नानांनी डोळ्यांचे व्यायाम शिकवले. जितूने तेही केले. अशा वेळी पोरगा अगदीच बावळट वाटायचा.

शेवटी त्याची आई बेबाबाई त्याला ओढत गाडीत घालून जळगावला घेऊन गेली, फक्त बुबुळाचं पाहणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली आणि डोळ्याचा रंगीत नकाशा काढला. म्हणाल्या, "याला केरॅटोकोनस म्हणतात. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन टोकासारखा पुढे आलाय. साध्या चष्म्याने भागणार नाही. डोळ्यात थेंब टाकून वरून खास प्रकाश द्यायचा, म्हणजे हे वाढायचं थांबेल. मग मापाची कडक लेन्स. आणि आजपासून चोळणं बंद."

"लग्नसराई झाल्यावर केलं तर?" जितूने विचारलं. हातात दोन-तीन लग्नंच उरली होती.

"लग्नसराई पुढच्या वर्षीही येईल. गेलेली नजर येईलच असं नाही."

गावात आल्यावर नाना ओट्यावर वाटच पाहत होते. "डोळाले हात लावू देऊ नको. आंधळा व्हशी. मंग तुले पोरगी कोण दी?"

बेबाबाईने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. "नाना, तुमना डोळा चांगला शेतस ना? मंग रातदिन दुसराना घरमा कशाले देखतस?"

उपचार झाले, आधी एका डोळ्यावर, मग दुसऱ्यावर. सगळी लग्नसराई जितू काळा चष्मा लावून घरात बसला. डोळे खाजले की हात मांडीखाली दाबून धरायचा. बाहेर दुसऱ्याच कुणाचा माइक वाजायचा, नावं चुकायची, आणि हा आतून चरफडत ती दुरुस्त करायचा. नाना सांगत फिरले, "पोऱ्यानी डोळा फोडी लिनात."

यंदा आमच्याच गल्लीत लग्न निघालं. लेन्स बसवून जितू माइकवर उभा राहिला. भाऊबंद कान टवकारून बसले होते, स्वागताला कमी आणि चूक पकडायला जास्त. गुलाबी फेटा आला, जितूने नीट पाहिलं आणि मामांनाच मामा म्हटलं. बॅण्डवाला हिरमुसला.

नानांना ते कसं पचावं! ते थेट स्टेजवर चढले आणि भर मांडवात जितूच्या तोंडासमोर जाऊन उभे राहिले. "काय रे, मी दिसस का आते तुले?"

माइक चालूच होता. जितू म्हणाला, "दिसतस ना, नाना. पहिले तुम्ही चार-चार दिसेत. आते एकच दिसतस. तेच माले मोठं सुख शे."