पूजाच्या वडिलांचं मंगल कार्यालय

कुसुमताई, गुडघा कसा आहे? रफिकभाई, खोकला गेला का? बाळूशेठ, शुगर आटोक्यात आहे ना? मी बरा आहे, पण आज घास उतरला नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, निव्वळ अनुभवाच्या जोरावर मी सावेडीच्या एका कॉलेजात एमबीएच्या मुलांना प्रकल्प मूल्यमापन शिकवतो. काम सुरू करण्याआधी ते चालेल का, हे तपासायचं. यंदा म्हटलं, घरचाच प्रकल्प तपासा आणि घरच्यांसमोर मांडा.

शेवगावकडच्या पूजाने वडिलांचं होऊ घातलेलं मंगल कार्यालय तपासायला घेतलं. वडील आज कौतुकाने पेढे घेऊन वर्गात आले.

पूजा म्हणाली, "आपल्याकडे लग्नं उन्हाळ्यात, आणि तेव्हाच या जागेची बोअर आटते. कार्यालय इथे बांधू नये."

वडील ताडकन उठले. "नारळ फोडला तवा तोंड शिवलं हुतं का?"

"तवा मला कुनी इचारलंच न्हाई, दादा."

"लई शिकलीस. पुरं आता. उद्या सामान घेऊन घरी ये." मग माझ्याकडे वळले. "मास्तर, गावजेवण घालून नारळ फोडलाय. आता कुठल्या तोंडानं थांबू?"

पेढे टेबलावरच राहिले.

पोरीचं काम चोख होतं. पण बापाला ते भर वर्गात ऐकवायची पद्धत माझी. घरी सांगितलं असतं तर ऐकलं असतं त्यांनी? की बोलूच दिलं नसतं?

सकाळच्या एसटीने शेवगावला निघतोय. तिचं शेवटचं वर्ष मोडू नका, एवढंच मागायचंय. बोलायला सुरुवात कुठून करू? मुलींच्या बापांनो, आज झोपण्याआधी ग्रुपवर दोन ओळी लिहाच.