आमच्या घरी आलेला डिअर

त्या वर्षी मी आठवीत होते आणि घरातली इंग्रजीची पंडित होते. पंडित कसली, डोंबल! बक्षिसात मिळालेली एक छोटी डिक्शनरी आणि तोंडभर फुशारकी, एवढंच माझं भांडवल. पण भाईंदर पश्चिमेच्या आमच्या चाळीत तेवढ्यावरही भाव मिळायचा.

खरं इंग्रजी ताईला येत होतं. मॅट्रिक होऊन ती बोरिवलीला टायपिंग शिकली होती आणि बाबांना सांगूनच तिने फोर्टातल्या एका कंपनीत अर्ज टाकला होता. सोमवारी त्याचं उत्तर आलं. गुरुवारी अकरा वाजता मुलाखत होती. ताई नळावर गेलेली, म्हणून पाकीट मी फोडलं आणि कारखान्यातल्या पाळीवरून आलेल्या बाबांपुढे ऐटीत वाचायला बसले. डिअर मिस, आणि पुढे आमचं आडनाव.

"डिअर म्हणजे काय गो?" बाबांनी विचारलं.

मी डिक्शनरी उघडून बोट ठेवलं. "प्रिय."

बाबांच्या हातातला चहाचा कप तिथेच थांबला. आमचे बाबा रत्नागिरीकडचे. चाळीतल्या निम्म्या कोकणकरांची गावची पत्रं तेच लिहायचे आणि मायन्याच्या बाबतीत त्यांचं सोवळं भारी कडक. वडिलांना तीर्थरूप, धाकट्यांना चिरंजीव, परक्याला राजमान्य राजश्री. प्रिय लिहायचं ते नवऱ्याने बायकोला, तेही पत्र दुसऱ्याच्या हाती पडणार नसेल तर. "मायन्यावरून माणूस कळतो," असं ते सगळ्यांना सांगत. आणि इथे फोर्टातला कोण कुठला साहेब त्यांच्या लग्नाच्या मुलीला प्रिय म्हणत होता!

ताई कळशी घेऊन दारात आली तेव्हा बाबा उभेच होते. "कधीपासूनची ओळख ही?"

"ओळख कुठली, बाबा? इंग्रजीत तसंच लिहितात."

"तुला बरी त्यांची रीत ठाऊक!"

झालं. यापुढे ती जेवढं बोलेल तेवढं तिच्याच अंगावर येणार होतं. तिने कळशी चुलीपाशी नेऊन ठेवली. रात्री जेवली नाही. आईने माझ्याकडे बघितलं. "मला नक्की माहीत नाही," एवढं म्हणायला मला काय झालं होतं? पण तसं म्हटलं नाही. पंडितपणा आडवा आला.

चाळीत कोणाला पत्र दाखवायची सोय नव्हती. चार लोकांत शोभा झाली असती. मंगळवारी संध्याकाळी बाबांनी मला कागद घेऊन बसवलं, कारण माझं अक्षर मोत्यासारखं.

"मायना काय घालू?" मी विचारलं.

"घालू नकोस." मग ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. आपल्या घरी आयाबहिणी नाहीत काय? आमची मुलगी येणार नाही. पुन्हा असलं पत्र आल्यास परिणाम वाईट होईल. पाकीट त्यांनी स्वतः चिकटवलं. "उद्या शाळेत जाताना पेटीत टाक."

बुधवारी मी मार्केटातल्या पोस्टाच्या पेटीपाशी उभी राहिले. पाकीट अर्धं आत घातलं आणि परत काढलं. ताई त्या दिवशीही उपाशीच होती. मी तशीच शाळेत गेले आणि मधल्या सुट्टीत इंग्रजीच्या बाईंना गाठलं. पत्राचं नाव न काढता विचारलं, "बाई, डिअर कोणाला म्हणतात?"

"बोलताना आपल्या माणसाला. पत्रात कोणालाही," बाई म्हणाल्या. "इंग्रजांचा तो एकच मायना. ऑफिसचं कुठलंही पत्र घे. कामावरून काढल्याचं असलं तरी सुरुवात तीच."

दप्तरात ते पाकीट होतं आणि मुलाखत दुसऱ्या दिवशी.

दिवेलागणीला बाबा आले. चपला काढता काढताच विचारलं, "टाकलंस?"

हो म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं. "नाही," म्हटलं आणि पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. "मी चुकीचं सांगितलं, बाबा. ताई खरं बोलत होती." आणि बाईंचं बोलणं एका दमात ओकून टाकलं. कानाखाली बसणार याची खात्रीच होती, म्हणून डोळे मिटून घेतले.

काहीच बसलं नाही. डोळे उघडले तर बाबा खाटेखालची पत्र्याची ट्रंक ओढत होते. तळातून त्यांनी घडीचा एक कागद काढला. तो आम्हा सगळ्यांना ठाऊक होता. गोरेगावच्या कारखान्यात संप झाला तेव्हा बाबांना तीन महिने घरी बसवलं होतं, त्याचा कागद. त्या तीन महिन्यांत आईच्या बांगड्या गेल्या, आणि त्या इंग्रजी कागदावरचं एक अक्षरही बाबांना कधी वाचता आलं नव्हतं.

"वाच," ते म्हणाले.

ताई भिंतीला टेकून बघत होती. यात डिअर नसलं तर? मी घडी उलगडली.

"डिअर सर."

"म्हणजे मला?"

"हो."

"मला प्रिय म्हणाले?" बाबा खाली बसले. "लाथ घातली, आणि प्रिय म्हणाले?"

आई पदराने डोळे पुसत होती. मला भयंकर रडू येत होतं, ताईसाठी की बाबांसाठी, ते तेव्हा कळलं नाही. बाबांनी माझ्या मोत्यासारख्या अक्षराचं पाकीट उभं-आडवं फाडलं आणि तुकडे चुलीत टाकले. मग ते ताईकडे वळले. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडे सरळ बघितलं.

"उद्या आठच्या गाडीला निघू. मी येतो संगती," ते म्हणाले. "नोकरी मिळाली तर कर. पण बाय, तिथे कोणी डिअर म्हटलं म्हणून हुरळून जाऊ नकोस."

"नाही, बाबा," ताई म्हणाली आणि आईने तिला ताट वाढलं.