साडभाऊंच्या दारची जप्ती

आदिलाबाद जिल्ह्यात, आणि मला वाटतं पैनगंगेच्या पलीकडेही, दारात जप्ती आली की ज्याचा चेहरा खुलतो असा एकच माणूस असेल, आणि दुर्दैवाने तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या अक्कांचे, यजमान. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. मी सरकारी शाळेतला मास्तर. विजेचं बिल हातात पडलं की ते भरून येईपर्यंत मला अन्न गोड लागत नाही. असला मी आणि असले साडभाऊ एकाच सासऱ्याचे जावई झालो, याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

साडभाऊंचं दोराचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. कासरे, दावी, वेसणी, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, सगळं छतापासून जमिनीपर्यंत लोंबत असतं आणि त्या जंगलातून वाट काढत गेलं की पलीकडे साडभाऊ सापडतात. गिऱ्हाइकाने "मजबूत हाय ना?" एवढं विचारायची खोटी, ते उठून दोर तुळईवरून टाकतात, दोन्ही हातांनी धरून पाय वर घेतात आणि लोंबकळत लोंबकळत भाव सांगतात. एकदा भर बाजाराच्या दिवशी त्यांनी मला लोंबकळायला लावलं. "आमचे मास्तर वजनदार हायत, यायले तोललं तं तुमच्या बैलाले काय होते!" समोरून माझ्या वर्गातल्या मुली चालल्या होत्या. गिऱ्हाइकाने दोर घेतला, पण त्यानंतर कितीतरी दिवस मी वर्गात फळ्याकडे तोंड करूनच शिकवत होतो.

त्यांच्या गाठीबद्दल तर बोलायलाच नको. माझ्या लग्नात करवलीने शेल्या-उपरण्याची गाठ मारली, ती साडभाऊंना सैल वाटली. थोरले जावई म्हणून कोणी अडवलं नाही. त्यांनी पुढे होऊन ती सोडली आणि स्वतःच्या हाताने पुन्हा मारली. मारली ती मारलीच. सासरचे, माहेरचे, आचारी, बँडवाले, सगळ्यांनी नखं झिजवली, गाठ काही सुटेना. मी आणि नवी नवरी एकमेकांना बांधलेले, जिकडे एकाला जायचं तिकडे दोघांनी जायचं. शेवटी कात्री आणावी लागली आणि सासूबाई अपशकुनाच्या भीतीने पांढऱ्याफटक पडल्या. साडभाऊ शांतपणे म्हणाले, "कापली मनून काय झालं, आई? सुटली तं नाही ना!" तेव्हा मला त्या माणसाचा भयंकर राग आला होता. पुढे संसारात खटके उडाले की हेच वाक्य आठवून आम्ही दोघं हसलो आहोत.

पण या सगळ्याच्या वरताण धक्का दिला तो घरपट्टीने. त्यांनी ती भरणं थांबवलं होतं, आणि पैसे नव्हते म्हणून नव्हे. त्यांच्या गल्लीत रस्ता रुंद केला तेव्हा कडेने खोल नाली खणली आणि तिच्यावर फरश्या टाकत आणल्या. शेजाऱ्याच्या दारापर्यंत फरशी, पलीकडच्या शेजाऱ्यापुढे फरशी आणि मधे साडभाऊंच्या दारापुढे उघडी नाली. माल संपला, आणतो म्हणून माणसं गेली ती गेलीच. साडभाऊंनी मुन्सिपाल्टीत दरखास्तीवर दरखास्ती, म्हणजे अर्जावर अर्ज, दिले. दरम्यान एका संध्याकाळी अक्का शेजारी कढीची वाटी द्यायला निघाल्या, त्यांचा पाय गेला आणि खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला नेलं. परत आल्या त्या खाटेवर, आणि ती दिवाळी काही त्यांनी पाहिली नाही. त्यांच्या आजारपणात फ्रिज गेला, दागिने गेले. साडभाऊ रडलेले मी पाहिले नाहीत. तेरावं झाल्यावर त्यांनी विजेच्या खांबापासून दाराच्या चौकटीपर्यंत एक जाड दोर ताणून बांधला, येणाऱ्याने धरून नाली ओलांडावी म्हणून, आणि मुन्सिपाल्टीत जाऊन सांगून आले, "पयले फरशी टाका, मंग पट्टी घ्या."

ही नोटिसांची पद्धत मला त्यांच्यामुळेच कळली. आधी साधी येते, मग लाल शाईची येते, मग माणसं येतात. साडभाऊ प्रत्येक नोटीस दुकानात दर्शनी भागी टांगत. मी म्हणायचो, "साडभाऊ, जप्ती आणतील हो!" ते म्हणायचे, "आनू द्या ना. जप्तीले साहेब येते. साहेबाले नाली ओलांडा लागते. मंग त्याले दिसते." ही त्यांची सगळी मसलत होती. आयुष्यात कधी साहेब दारात यावा म्हणून कोणी देव पाण्यात घातले असतील तर ते यांनीच.

आणि मार्चअखेरीला जप्ती खरोखर आली. मी आणि ही योगायोगाने तिथेच होतो. ट्रॅक्टर-ट्रॉली, माणसं आणि बेल्लमपल्लीकडून नुकत्याच बदलून आलेल्या, मुन्सिपाल्टीच्या वसुलीच्या तरुण मॅडम. मी दाराआड सरकलो. साडभाऊ मात्र नवी टोपी घालून बाहेर आले. "या, या! दोर धरा, मॅडम. घट्ट धरा. हां, आता खाली पाहा." मॅडमनी खाली पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि ओलांडून आल्या. "काका, पैसे भर दो ना, बात खतम," त्या अजिजीने म्हणाल्या. "ऊपर से बहुत बोल रहे." साडभाऊंनी नालीकडे बोट केलं. त्या म्हणाल्या की नाली दुसऱ्या खात्याकडे आहे. "मंग लिहा जप्ती," साडभाऊ म्हणाले.

त्यानंतर जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून, नाहीतर कुणी सांगितलं असतं तर विश्वास ठेवला नसता. हा माणूस त्यांना स्वतः घर दाखवत फिरला. जप्तीची माणसं कूलर उचलायला गेली तर याने अडवलं. "तो बंद हाय. सरकारची फसवनूक मी करत नाही." दुकानातल्या दोराला लिलावात कोण विचारतो, आणि घरात नेण्यासारखं काही निघेना. मग मॅडमनी बाहेर पाहून विचारलं, "वो स्कूटर?" साडभाऊ म्हणाले, "लिहा!" मी किंचाळलो, "अहो, ती माझी आहे!" "घरापुढं उभी हाय ना, मास्तर? मंग!" भर उन्हात डिकी उपसून मी माझ्या नावाचे कागद मॅडमपुढे धरले तेव्हा कुठे ती सुटली. शेवटी त्यांनी पुढचं दार काढायचं ठरवलं. आमच्याकडे हे करतात. दार नेलं की माणूस शरमेने पैसे आणून देतो. साडभाऊंनी आतून पेचकस आणून दिला. जुनं सागवानी दार ट्रॉलीत चढलं आणि मग लक्षात आलं की बांधायला दोर आणलेला नाही. माझ्या साडूचे डोळे चमकले.

"नायलॉन पायजे का अंबाडीचा? अंबाडीचा घ्या, दाराले घासत नाही." दोन्ही हात पसरून वाव मोजत त्यांनी दोर कापला, स्वतः ट्रॉलीत चढून स्वतःच्या दाराला गाठ मारली आणि उतरून मॅडमपुढे हात पसरला. "सरकारी कामाले उधार नाही. वसुलीले लई तरास होते." मॅडमनी मुकाट्याने पर्समधून पैसे काढून दिले. त्यांचा आ वासलेला होता आणि माझाही.

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. घरात बसून हिने रडत रडत हैदराबादला भाच्याला, साडभाऊंच्या मुलाला, कळवलं होतं, आणि त्याने तिथल्या तिथे मोबाइलवरून सगळी घरपट्टी, दंडासकट, भरून टाकली होती. "भर गया, काका! बेटे ने भर दिया!" मॅडम मनापासून खूश झाल्या होत्या. मी तर देवाला हात जोडले. आणि साडभाऊंकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा उतरला होता. मला धक्के देणाऱ्या माणसाला धक्का बसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"काऊन भरले त्यानं?" ते म्हणाले. "आता फरशी कायले टाकतीन हे?"

मॅडम नालीकडे पाहत हळूच म्हणाल्या, "मैं लिखूंगी, काका." त्यांच्या मनात होतं, त्यांच्या हातात नव्हतं. गाठ सुटेना म्हणून दोर कापावा लागला. माणसं दार बसवून द्यायला निघाली तर साडभाऊ म्हणाले, "राहू द्या, टेकवून ठेवा भिंतीले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काळजीने गेलो. घराला दार नव्हतंच. ते नालीवर आडवं पडलं होतं, चारी कोपऱ्यांना अंबाडीच्या दोराने खुंट्यांशी बांधलेलं. शेजारची बाई कडेवर पोर घेऊन त्यावरून आली आणि गेली. आत थेट मागच्या खोलीपर्यंत, अक्कांच्या रिकाम्या खाटेपर्यंत, सगळं उघडं दिसत होतं.

"अहो साडभाऊ, घराला दार नको?"

"लोक पडते ना इथं, मास्तर," ते गाठ तपासत म्हणाले. "घरात कोन हाय आता, दार लावाले?"

मी चपला काढून हातात घेतल्या आणि दारावर पाय ठेवला. "चपला घाला, मास्तर," साडभाऊ म्हणाले, "खाली नाली हाय." मी घातल्या नाहीत.