आईनं बांधलेले लाल दोरे

माझी आई भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी. लग्न होऊन भिलाईला आली आणि सगळा संसार रुआबांधा वस्तीतल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये केला. दारापुढच्या वीतभर जागेत ती मिरच्या-वांगी लावायची, पण शेताची तिची भूक काही भागली नाही.

पुढे शहराबाहेरच्या एका सोयाबीन संशोधन फार्मवर मला नोकरी लागली. काम नवं वाण तयार करण्याचं. त्या वर्षी आम्ही दोन जातींचा संकर करत होतो. एकीच्या दाण्याला सोयाबीनचा तो कच्चट वास नव्हता. सोया दूध, पनीर करणाऱ्यांना तेच हवं होतं. पण पिवळा मोझॅक रोग आला की सगळ्यात आधी तीच पिवळी पडायची. दुसरी जात रोगाला टिकणारी, पण वासाची.

ऐन फुलोऱ्यात संकर करणाऱ्या बाया धानाच्या निंदणीला गेल्या. मी आईला घेऊन गेले.

कळी तांदळाच्या दाण्याएवढी. चिमट्यानं पाकळ्या काढायच्या, आतले परागकोश खुडायचे आणि दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग लावून देठाला लाल दोरा बांधायचा. आई दोन दिवसांत शिकली.

"एवढंसं फूल, अन् पानाआड लपून बसते. कावून?"

"त्याला कोणाची गरजच नाही, आई. उमलायच्या आधीच आतल्या आत फळून जातं."

"म्हणून आपून त्याच्या पयले यायचं," ती म्हणाली. थोड्या वेळानं विचारलं, "तुमचं बियाणं कधी तयार होईन?"

"सगळं नीट झालं तर दहा वर्षं."

"मंग मी सत्तरची होईन. येईन पाहाले."

तिच्या दोऱ्यांपैकी थोड्यांनाच शेंगा धरल्या. पुढच्या पावसाळ्यात ते दाणे पेरले. आईनं दोरे बांधले ते झाड पांढऱ्या फुलाचं, पराग जांभळ्या फुलाचा, म्हणून जांभळं फूल आलं तरच संकर खरा. पाच झाडांना जांभळी फुलं आली. फोन केला तशी ती पावर हाउस स्टेशनपासून ऑटो करून आली, ठेवणीतलं लुगडं नेसून.

"हे झाडं माहे?"

"तुझीच."

तिनं हात लावला नाही. नुसती बांधावर उभी राहिली.

त्याच हिवाळ्यात ती तापाचं निमित्त होऊन गेली.

मी दर हंगामात त्या झाडांचं बी निवडत, पेरत राहिले. सहाव्या वर्षी पांढरी माशी पडली, तिनं मोझॅक पसरवला आणि सगळा प्लॉट हळदीसारखा पिवळा झाला. आईच्या संकराची एक ओळ तेवढी हिरवीगार होती. बाबा निवृत्तीनंतर स्मृति नगरला राहत होते, मी त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "तिले दिसाले पाह्यजे होतं."

ती ओळ वाण म्हणून काही बाहेर आली नाही. दाण्याला वास नव्हता, रोगाला टिकली, पण एकरी उताऱ्यात मागं पडली. आता आम्ही भरघोस पिकणाऱ्या जातींशी तिचा संकर करतो. रजिस्टरमध्ये तिला फक्त एक नंबर आहे.

घरी आता मुलं हिंदीच बोलतात. आईसारखी मराठी माझ्याशी बोलणारं कोणी उरलं नाही. फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळी चिमटा घेऊन बसले की मात्र तोंडातून आपोआप आईच्या बोलीत येतं, "थांब माय, हालू नको." शेजारच्या ओळीतल्या बाया हसून छत्तीसगढीत विचारतात, "काकर संग गोठियावत हस, दीदी?" कोणाशी बोलतेस म्हणून.

"कुछु नहीं," मी म्हणते, आणि पुढची कळी शोधते.