अरबाचा पार्ट

आमच्या शाळेत गॅदरिंगसाठी कपडे भाड्याने आणायची पद्धत कधीच नव्हती. सगळं मागून आणायचं. नऊवारी एका घरची, फेटा दुसऱ्या घरचा, राणीचा हार कुणाच्या तरी नव्या सुनेचा. जानेवारी लागला की आम्ही बाया पिशव्या घेऊन आमच्या पूर्णा गावच्या गल्ल्यांतून फिरायचो आणि लोक हौसेनं द्यायचे. त्यांची अट एकच, पुढची खुर्ची पाहिजे. आपली वस्तू स्टेजवर बघायला अख्खं घर यायचं, आणि ‘तो फेटा आमचा बरं का’ हे शेजारच्याला सांगितल्याशिवाय उठायचं नाही.

मी त्या शाळेत मराठी शिकवायचे. नाटुकलं बसवायचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडायचं आणि ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. तोंडाची फटकळ, आवाज खणखणीत, पोरं मला टरकून असायची. त्या वर्षी मुख्याध्यापक म्हणाले, बाई, यंदा देशभक्तीपर काहीतरी जोरदार होऊ द्या. मी दोन संध्याकाळी बसून लिहून काढलं. लिहून काढलं कसलं, दोन-तीन गाजलेले हिंदी सिनेमे डोक्यात होते, त्यांतलं इकडचं तिकडचं उचललं. तीन जवान, एक आई, आणि अतिरेक्यांचा एक म्होरक्या.

म्होरक्याला मी नाव दिलं नव्हतं. तो कोणत्या धर्माचा हेही लिहिलं नव्हतं. कंसात फक्त एवढंच होतं: डोळ्यांत सुरमा, डोक्यावर लाल-पांढऱ्या चौकटीचा रुमाल, जनाब जनाब करत बोलतो. पोरांनी वाचलं आणि एकानंही विचारलं नाही की बाई, हा कोण. पार्ट दिला तो मेंढरं राखणाऱ्या घरच्या एका पोराला, आवाज भारदस्त होता म्हणून. पहिल्याच तालमीला तो नसलेल्या दाढीवरून हात फिरवत, डोळे बारीक करून हसला. मी शिकवलं नव्हतं. त्याच्याच वर्गात पंधरा-सोळा मुसलमान पोरं होती, त्यांच्यातल्या कुणाच्या बापाला त्यानं असं हसताना बघितलं असेल असं मला वाटत नाही. मी म्हणाले, वा रे वा, अस्संच पाहिजे.

आता रुमालाचं सांगते. माझ्या घराला भिंत लागून ज्यांचं घर आहे त्यांना मी भाई म्हणते. ते मला बाई म्हणतात. स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं मोटारी बांधायचं दुकान आहे. उन्हाळ्यात बोअरच्या जळालेल्या मोटारी दारात रांगेनं पडलेल्या असतात आणि भाई स्टुलावर बसून तांब्याची तार गुंडाळत असतात. त्याआधी नऊ वर्षं ते आखातात होते. एका म्हाताऱ्या अरबाच्या खजुराच्या मळ्यावर पाण्याचा टँकर चालवायचे.

लाईट गेली की आम्ही दोन्ही घरं खुर्च्या घेऊन बाहेर बसायचो, आणि भाई त्या म्हाताऱ्याचं सांगायचे. मी मुद्दाम डिवचायचे. भाई, सोन्याची गाडी होती का हो? नाचणाऱ्या बायका? पिंजऱ्यात वाघ? सिनेमात तर असंच दाखवतात. भाभी तोंडाला पदर लावून हसायच्या. भाई सांगायचे, म्हाताऱ्याकडं एक खडखडणारी गाडी होती आणि शुगर होती. बायको गोडावरून रोज तासायची, म्हणून तो गाडीच्या कप्प्यात खजूर लपवून ठेवायचा आणि भाईंना शपथ घालायचा. त्यानं जन्मात नदी बघितली नव्हती. दुपारी झाडाखाली बसला की भाईंना म्हणायचा, तुझ्या गावच्या नदीचं सांग. पाणी आपोआप वाहतं? कुणी सोडत नाही? पुरात पूल बुडतो, हे ऐकताना तो डोळे मिटून घ्यायचा. नऊ वर्षं भाईंनी त्याला पूर्णा नदी सांगितली.

भाई कायमचे परत निघाले तेव्हा म्हाताऱ्यानं स्वतःच्या डोक्यावरचा रुमाल काढून त्यांच्या डोक्याला बांधला आणि सांगितलं, घरी गेल्यावर हा एकदा नदीत बुडव. भाईंनी तसं केलं होतं. रुमाल कपाटात घडी घालून ठेवलेला असायचा. ईदला नमाजाहून आल्यावर भाई तो खांद्यावर टाकून माझ्याकडं शीरखुर्म्याचा डबा घेऊन यायचे, बस्स, एवढाच त्याचा वापर.

आणि मला नाटकासाठी चौकटीचा रुमाल पाहिजे होता.

मी दुकानात गेले तेव्हा भाई काम बंद करून नुसतेच बसले होते. म्हणाले, बसा बाई, तुमाला एक सांगायचंय. मी उभ्या उभ्याच म्हणाले की नंतर सांगा, मला अजून चार घरं फिरायचीत, गॅदरिंगला तुमचा रुमाल द्या. त्यांनी विचारलं, कशाचा पार्ट हाय? मी म्हणाले, एका अरबाचा. भाईंचा चेहरा एकदम उजळला.

“म्हाताऱ्या अरबाचा का?”

मी ‘हो’ म्हणून मान हलवली.

किती साधी गोष्ट होती ती. ‘नाही’ म्हणाले असते तर फार तर काय झालं असतं, रुमाल मिळाला नसता. बाजारात चौकटीचे रुमाल ढीगभर मिळतात, एखादा आणता आला असता. पण मला खराखुरा पाहिजे होता, आणि घाई होती. माझ्या लक्षात आलं नाही असं म्हणायची सोय मला ठेवता येत नाही. कारण रुमाल बांधायचा कसा हे शिकायला त्या पोराला भाईंच्या घरी पाठवलं तेव्हा मी त्याला बजावलं होतं की फक्त बांधायला शिकून ये, डायलॉग म्हणून दाखवू नकोस. आता काय ते समजा.

पोरगं मोठ्या खुशीत परत आलं. भाभींनी त्याला बिस्किटं दिली होती. भाईंनी कपाळावर रुमालाची घडी कशी बसवायची ते दहादा करून दाखवलं होतं, आणि म्हाताऱ्याची चालही दाखवली होती, गुडघे दुखत असल्यामुळं तो कसा हळूहळू चालायचा ती. पोरगं मला म्हणालं, बाई, तसं चालू का? मी म्हणाले, येडा का खुळा तू, म्होरक्या कधी लंगडत येतो का.

गॅदरिंग दुपारी चारला सुरू झालं. भाई आणि भाभी दुसऱ्या ओळीत बसले होते, दोघंही इस्त्रीच्या कपड्यांत. भाईंनी पांढरा पठाणी घातला होता. मी पडद्याच्या कडेला उभी होते, तिथून मला स्टेजही दिसत होतं आणि दुसरी ओळही. म्होरक्याची एंट्री आली. मी आधीच सांगून ठेवलेलं ढम ढम संगीत वाजलं, उदबत्त्यांचा पुडा पेटवून केलेला धूर सुटला. भाई पुढं सरसावले आणि त्यांनी मोबाईल वर धरला. व्हिडिओ काढायला.

पोरगं आलं, दाढीवरून हात फिरवला, जनाब म्हणालं, हसलं. गावानं जी शिट्टी घातली! पोरानं पाठ केलेलं सगळं म्हटलं, गावं जाळायचं, आया-बहिणींचं, सगळं मी लिहिलेलं. मागून कुणीतरी ओरडलं. काय ओरडलं ते मी इथं लिहीत नाही. भाईंचा मोबाईल हळूहळू खाली आला. पुढं शेवटच्या मारामारीत जवानानं म्होरक्याच्या डोक्यावरचा रुमाल ओढून खाली टाकायचा, हे मीच बसवलं होतं. त्यावर नाचायचं मी सांगितलं नव्हतं. पण टाळ्या एवढ्या पडल्या की तिन्ही जवान चेकाळले आणि बुटांसकट त्यावर नाचले. मला पुढं होऊन त्यांना थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही, कारण नाटुकलं रंगलं होतं आणि मुख्याध्यापक हसत होते.

पडदा पडला. भाई बाजूच्या पायऱ्यांनी वर आले, वाकून त्यांनी रुमाल उचलला आणि दोनदा झटकला. मी धावत गेले. म्हणाले, राहू द्या भाई, मी स्वच्छ धुऊन पाठवते. ते म्हणाले, नको बाई, लेकरायनं लय चांगलं केलं. मग घडी घालता घालता, माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं.

“बाई, त्याच्यात अरब कोन्ता होता?”

मी काहीतरी बोलले. सिनेमातलं आहे, लोकांना तसंच आवडतं, असलं काहीबाही. ते मान हलवत पायऱ्या उतरून गेले.

मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटते ते आता सांगते. आमचं घर बौद्ध. माझे वडील रेल्वेत गँगमन होते. दिवसभर रुळावर राबायचे, पण सुट्टीच्या दिवशी त्यांचा सदरा असा कडक असायचा की घडीनं बोट कापावं. रेल्वेचा पास होता म्हणून एकदा ते आम्हा भावंडांना परभणीला सिनेमाला घेऊन गेले. त्या सिनेमात आमच्यासारखा एक माणूस होता. फाटकं धोतर, हात जोडलेले, मान खाली, मालकानं लाथ मारली तरी मायबाप मायबाप करणारा. वडील अर्ध्यातून उठले आणि आम्हाला घेऊन बाहेर आले. मी रडले, मला सिनेमा पुरा बघायचा होता. स्टेशनच्या बाकावर बसून त्यांनी मला एवढंच विचारलं, आपल्यात असा कोण हाय गं? तू बघितलास का? मी पुढं शिकले, नोकरी लागली, आणि पडद्यावर आमचा माणूस कसा दाखवतात यावर तावातावानं कितीदा तरी भांडले. स्टाफरूममध्ये लोक माझ्यापुढं हा विषय काढायला बिचकायचे. तीच मी, भिंतीला भिंत लागून असलेल्या माणसाशी इतकी वर्षं गप्पा मारून, स्टेजवर मुसलमान उभा करायची वेळ आली तेव्हा शेजारी विचारायला गेले नाही. सिनेमाला विचारलं. शेजारी गेले ते फक्त रुमाल मागायला.

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, मी भांडणात तरबेज आहे. माझ्या दिवाळीचं फराळाचं ताट जात राहिलं, ईदचा डबा येत राहिला. फक्त डबा घेऊन भाभी यायच्या, भाई नाही. लाईट जायची तेव्हा खुर्च्या निघायच्या, आणि भाई पावसापाण्याचं, पोरांच्या परीक्षांचं बोलायचे. म्हाताऱ्याचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. मीही काढला नाही. माफी मागायचं रोज ठरवायचे, आणि रोज काही ना काही निमित्त काढून टाळायचे. त्यात सहा वर्षं गेली आणि मी रिटायर झाले.

मागच्या महिन्यात घरी एकटीच टीव्ही बघत होते. कुठलासा नवा सिनेमा लागला होता. विमानतळावर एक माणूस आला, डोक्याला चौकटीचा रुमाल. त्यानं अजून काही केलंही नव्हतं. बॅग खाली ठेवली होती, एवढंच. आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, हाच असणार. एकट्या घरात मी मोठ्यानं बोलले ते, आणि मलाच ऐकू आलं. टीव्ही बंद केला. मोकळ्या हातानं जायची हिंमत होईना म्हणून चांगला चालता मिक्सर पिशवीत टाकला आणि भाईंच्या दुकानात गेले.

भाईंनी मिक्सर लावून बघितला, फिरवून बघितला, वास घेतला. म्हणाले, ह्याला तर काहीच झालं न्हाई बाई. मी म्हणाले, मिक्सरला नाही झालं. मग मी बोलले. गॅदरिंगचं, मान हलवल्याचं, पोराला बजावून पाठवल्याचं, सगळं. माफ करा म्हणाले. भाई तार गुंडाळत राहिले. म्हणाले, जाऊ द्या, लय दिवस झाले, लेकराचा खेळ होता. मग मी विचारलं की तुमचा म्हातारा कसा आहे, फोन येतो का त्याचा.

“म्हातारा गेला की बाई.”

“कधी?”

“तुमी रुमाल मागायला आल्ता ना, त्याच्या आदल्याच जुम्म्याला. त्याच्या पोराचा फोन आल्ता मला.” त्यांनी तार खाली ठेवली. “तेच सांगणार होतो तुमाला त्या दिशी. पण तुमी म्हनले म्हाताऱ्या अरबाचा पार्ट हाय. मला वाटलं, बरं झालं. गावाला दिसंल म्हातारा.”

मी तिथंच त्यांच्या लाकडी स्टुलावर बसले आणि मला रडू आवरेना. भाईंनी टेबलावरचा पंखा माझ्याकडं वळवला, आणि फडक्यानं मिक्सर पुसून पिशवीत ठेवून दिला.