दोन पाळ्या देऊन घेतलेला रशर

आमच्या संघानं दोन वर्षांच्या निवडीच्या पाळ्या देऊन जो माणूस घेतला, त्याची नोकरी तेव्हाच जाण्याच्या बेतात होती. इथे सिंगापूरमध्ये आमच्यासारख्यांची नोकरी गेली की कामाचा पास जातो, आणि मग साधारण महिन्याभरात बायको-मुलीसकट देश सोडावा लागतो. हे त्याला माहीत होतं. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, कारण आम्ही विचारलं नव्हतं. मी तर त्या सौद्याविरुद्ध दोन पानांचं पत्रक काढलं होतं. त्यात नऊ मुद्दे होते आणि त्या नऊंत हा नव्हता.

पत्रक काढणं ही आमच्या घरची सवय. वडील कारखान्यात युनियनचं काम करायचे. घरात खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असत, आणि मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. पीएचडीसाठी इथे आले, बुकित बातोकमध्ये खोली घेतली, रविवारी सकाळी काहीतरी अंगमेहनत हवी म्हणून फ्लॅग फुटबॉल खेळू लागले, तरी ती सवय सुटली नाही.

फ्लॅग फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉलचं सौम्य रूप. कुणी कुणाला आडवं पाडत नाही. प्रत्येकाच्या कमरेला दोन पट्ट्या लटकत असतात. चेंडू ज्याच्याकडे आहे त्याची पट्टी ओढली की खेळ थांबतो. त्यात रशर नावाची एक जागा असते. त्यानं सात यार्ड मागून सुटायचं आणि चेंडू फेकणाऱ्यानं फेकायच्या आत त्याच्यापर्यंत पोचायचं, एवढंच काम. फेकणाऱ्याला तीन-चार सेकंद निवांत मिळाली की तो कुणालाही शोधून चेंडू देतो. चांगला रशर ती सेकंदं हिरावून घेतो. आमच्याकडे तसा कुणी नव्हता, आणि गेल्या हंगामात आम्ही शेवटून पहिले आलो होतो.

आमच्या लीगमध्ये सात संघ. दरवर्षी नवे लोक नाव नोंदवतात आणि हंगामाच्या आधी सगळे कॅप्टन बसून त्यांना पाळीपाळीनं निवडतात. जो संघ शेवटी आलेला असतो त्याला पहिली पाळी. अमेरिकेतला नियमच उचललेला आहे, आणि मला तो फार आवडायचा. त्या देशात सगळं ज्याच्याकडे आहे त्यालाच मिळतं, पण खेळात मात्र सगळ्यात गरीब संघ पहिल्यांदा हात घालतो. आमच्यासारख्या हरणाऱ्यांना मिळालेला तो एकमेव हक्क होता. आणि आमचे कॅप्टन तोच विकायला निघाले होते.

कॅप्टन पुण्याचे, आंग मो किओतल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत मॅनेजर, वय बेचाळीस. चोआ चू कांगला त्यांच्या ब्लॉकखाली, जिथे म्हातारे लोक बुद्धिबळ खेळत बसतात त्या दगडी टेबलांपाशी, त्यांनी आम्हा अकरा जणांना बोलावलं. दुसऱ्या एका संघाचा रशर मिळतोय, म्हणाले. बदल्यात आमची यंदाची पहिली पाळी आणि पुढच्या वर्षीचीही, जी कितवी येईल ती. त्यांनी अमेरिकेतल्या क्लबांचे दाखले दिले. तिथे एका रशरसाठी दोन-दोन वर्षांच्या पहिल्या पाळ्या देतात, लोक वेडे आहेत का? निवडलेला नवा पोरगा कसा निघेल कुणाला माहीत. हा माणूस समोर उभा आहे, गेल्या वर्षी त्यानं आपल्याच फेकणाऱ्याचं काय केलं ते आपण पाहिलंय.

मी पत्रकं वाटली. विद्यापीठाच्या प्रिंटरवर काढलेली, अकरा प्रती. माझं म्हणणं असं होतं की असे सौदे ज्यांना फळले तेवढेच लोकांना आठवतात. ज्या संघाला एकच माणूस कमी आहे त्यानं असा सौदा करावा. ज्याला सहा कमी आहेत त्यानं करू नये. आणि पुढच्या वर्षी येणारा जो कुणी आहे, ज्याला आपण अजून पाहिलेलंही नाही, त्याच्या जागेचा सौदा आज आपण कुठल्या अधिकारानं करतो?

"कॉम्रेड, भोंगा घरी राहिला वाटतं," कॅप्टन म्हणाले. सगळे हसले. मीही हसले असेन. मतं घेतली तेव्हा आठ विरुद्ध तीन.

त्या बैठकीत त्या माणसाबद्दल काय काय विचारलं गेलं ते मला नीट आठवतं. गुडघा कसा आहे. दिवाळीत गावी जातो का. रविवारी मुलीचा क्लास असतो का. ऊन सोसतं का. पासबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आमच्यात तो काढतच नाहीत. दोन मराठी माणसं इथे दहा वर्षं एकमेकांच्या घरी पुरणपोळी खातील, एकमेकांच्या कुकरची रिंग मागून नेतील, पण तुझा पास कधीपर्यंत आहे, नवा होणार का, हे विचारणार नाहीत. पगार विचारण्यापेक्षाही ते वाईट समजतात. आणि ज्याला सांगायचंय तोही विचारल्याशिवाय सांगत नाही.

तो आला. नागपूरचा, छत्तीस वर्षांचा, उंच नाही, किंचित फेंगडा. चिप तपासणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. पहिल्याच दिवशी मी अहो म्हटलं तर म्हणाला, "मले अहोजाहो नको करू वो, म्हातारा वाटते मी." तेव्हापासून तो दादा.

मी त्याच्यावर रागावून राहायचं ठरवलं होतं, आणि ते मला दोन रविवारसुद्धा जमलं नाही. तो सुटायचा तेव्हा फेकणाऱ्याचे डोळेच बदलायचे. समोरचा माणूस मैदानाकडे बघायचं सोडून त्याच्याकडे बघू लागायचा आणि घाईत चेंडू कुठेतरी भिरकावून द्यायचा, आमच्यातल्या सगळ्यात ढिल्या माणसाच्याही हातात येईल असा. पाच रविवारांत आम्ही चार सामने जिंकलो. कॅप्टन मला दर वेळी विचारायचे, मॅडम, दुसरी आवृत्ती कधी निघतेय? खेळ संपला की दादा मात्र कुणाच्या ना कुणाच्या शेजारी जाऊन बसायचा. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या स्वस्त खाण्याच्या ठिकाणी, कॉफी पिताना कॅप्टनच्या शेजारी तर नेहमीच. तुमच्याकडे काम कसं चाललंय, नवं काही सुरू होतंय का, असं विचारायचा. कॅप्टनना वाटायचं, माणूस बोलका आहे. तेही तासभर बोलत बसायचे, सगळं स्वतःच्या कंपनीबद्दल.

सहाव्या आठवड्यात त्याच्या कंपनीनं त्याचा अख्खा विभाग बंद केला.

त्यानं ते संघाच्या व्हॉट्सॲप गटावर एका ओळीत लिहिलं, खाली आपला बायोडेटा जोडला आणि रविवारी खेळायला येईन असंही लिहिलं. मग एकदम सगळ्यांचे इमोजी आले, हात जोडलेले, धीराचे अंगठे. मला कळेना काय करावं, म्हणून मला जे येतं ते मी करायला घेतलं. ज्या संघानं त्याला आम्हाला दिलं त्यातला एक जण त्याच्याच कंपनीत होता. म्हणजे त्यांना माहीत असणार. बुडणारा माणूस त्यांनी आमच्या गळ्यात मारला आणि वर दोन पाळ्या घेतल्या. माणसाचा माल केला. मी दुपारभर बसून लिहिलं आणि गटावर टाकण्याआधी, त्याचं नाव येतंय म्हणून, त्याला दाखवायला त्याच्या घरी गेले.

त्याच्या घरी खोकी आणून ठेवली होती, अजून न जोडलेली, चपटी. वहिनी आत मुलीच्या शाळेला पत्र लिहीत होत्या. त्यानं माझं लिखाण मोबाईलवर पूर्ण वाचलं, सावकाश, बोटानं वर सरकवत.

"हे नको टाकू," तो म्हणाला.

मी म्हटलं, का नको, त्यांनी फसवलंय.

"त्याईनं नाही काही केलं. मीच म्हटलं होतं, मले तिकडे द्या म्हणून."

मला समजलं नाही. तो खिडकीबाहेर समोरच्या ब्लॉकवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत बोलत होता. हंगामाआधीच त्याला कुणकुण लागली होती. जुन्या संघात बरीचशी पोरं, कॉलेजातली. आमच्यात सगळे मराठी, निम्मे कुठल्या ना कुठल्या कंपनीत मॅनेजर. त्यानं त्यांच्या कॅप्टनला विनवून सौदा घडवून आणला होता.

"वाटलं, दर रविवारी भेटन. चांगला खेळीन. मंग कोणी तरी विचारीन, का बा, तुझं कसं चालू आहे, पास-बिस," तो म्हणाला. "मंग सांगीन. आपणच कसं सांगाव?"

मी विचारलं, कॅप्टनना तरी सांगायचं होतं ना?

"ते गुडघ्याचं विचारत होते न."

आतून मुलीनं हाक मारली, "बाबा, this one throw or keep?" तो उठून गेला. मी ते लिखाण तिथेच पुसून टाकलं. आणि खरं सांगायचं तर पाच रविवार तो माझ्याही शेजारी बसला होता. मी त्याला पाळीच्या तत्त्वाबद्दल ऐकवलं होतं.

मग जे काही करता येतं ते सगळ्यांनी केलं, हे सांगायला हवं, कारण कुणी वाईट नव्हतं. कॅप्टन त्यांच्या वरिष्ठांकडे दोनदा गेले. नवी भरती बंद होती. तीन महिन्यांनी बघू असं उत्तर आलं. त्याच्याकडे तीन आठवडे होते. कॅप्टन मला एमआरटी स्टेशनबाहेर भेटले तेव्हा म्हणाले की हे मला त्या टेबलापाशी कळलं असतं तर तेव्हा एक जागा होती, ती मी दुसऱ्याला दिली. मी माझ्या प्राध्यापकांना विचारलं. त्यांना डॉक्टरेट झालेला माणूस हवा होता. मी त्याचा बायोडेटा चार वेळा नव्यानं लिहून दिला. निषेध लिहिण्याच्या हातानं अर्ज लिहायला मला नीट येत नाही, हे तेव्हा कळलं. एका कंपनीनं मुलाखतीला बोलावलं, दुसऱ्या फेरीला बोलावलं, आणि मग पत्र आलं की उमेदवार चांगला आहे पण आधीपासून इथे राहणारा कुणी मिळाला तर बरं. कुणाशी भांडावं? पत्र सभ्य होतं. नियमही मी उघडून वाचले, ओळ न् ओळ, कुठे फट दिसते का म्हणून. ते स्वच्छ लिहिलेले होते.

त्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही सामना सुरू केला आणि तिसऱ्याच चालीला विजेचा भोंगा वाजला. इथे आसपास वीज पडण्याचा धोका असला की मैदान रिकामं करावं लागतं. आम्ही छपराखाली उभे राहिलो. पाऊस नव्हताच, नुसतं काळं आभाळ. पाऊण तास धोक्याचा दिवा लाल राहिला. दादा पट्ट्या कमरेला तशाच ठेवून उभा होता, पाय मोकळे करत. मग पंचांनी सामना रद्द करून गुण वाटून दिले. त्या गुणानं आम्ही उपांत्य फेरीत गेलो. मंगळवारी सकाळी ते तिघं गेले.

उपांत्य सामन्यात कॅप्टननी रशर म्हणून मला उभं केलं. मी संघात सगळ्यात वेगात धावते, म्हणून. मी सुटायचे, दोघांना चुकवायचे, आणि फेकणारा माझ्याकडे अगदी शांतपणे बघत चेंडू सोडायचा. मी पोचायचे तेव्हा त्याचा हात खाली आलेला असायचा. दरवेळी अर्ध्या हाताच्या अंतरानं हुकायचं. शेवटी शेवटी तर तो मला "nice try" म्हणू लागला, आणि ते टोमण्यानं नव्हतं. आम्ही सहा गुणांनी हरलो.

गवतावर बसून कुणीतरी विषय काढलाच, सौदा परवडला का. एक जण म्हणाला, नाहीतर आपण इथपर्यंत तरी आलो असतो का. दुसरा म्हणाला, पुढच्या वर्षी पाळी नाही, तेव्हा कळेल. कॅप्टन बुटांच्या नाड्या सोडत होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण या विषयावर माझं मत छापील होतं. एका माणसानं स्वतःलाच सौद्यात दिलं होतं आणि बदल्यात त्याला काय मिळालं, ते त्या हिशोबात कुठे लिहितात मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात गटावर त्याचा निरोप आला: काय झालं मॅचचं? आम्ही सगळे एकमेकांच्या शेजारी बसून तो वाचत होतो. मी लिहिलं, हरलो, सहा गुणांनी. त्यानं लिहिलं, अरे, थोडक्यात गेली.

मग मी त्याला वेगळा निरोप पाठवला. कामाचं काही झालं का, दादा?

तो लिहितोय असं दिसू लागलं, थांबलं, पुन्हा दिसू लागलं. बराच वेळ तसंच चाललं. मी वाट बघत होते आणि एवढ्या लांबलचक उत्तरावर आपण काय लिहिणार, हे मला अजून सुचलेलं नव्हतं.

"नाही अजून," त्यानं लिहिलं. "होईन."