देवनागरी सात

अडलेल्या कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी काका चपला काढायचे. मग खुर्ची पुढे ओढून, डॉक्टरांनी पेशंटला विचारावं तसं विचारायचे, "हं, काय होतंय नक्की?" उत्तर आपण द्यायचं नसे. मध्ये बोललं की म्हणायचे, "तुम्हाला नाही विचारलं. ती सांगेल."

ती म्हणजे स्क्रीनवर आलेली एरर.

नवीन पनवेलला एका मिठाईच्या दुकानाच्या वर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. आम्ही आठ जण तिशीच्या आतले आणि हे एकटे पंचावन्नच्या पुढचे. तळोज्याच्या एका कारखान्यात मीटर तपासायचे. तो बंद पडल्यावर पन्नाशीला प्रोग्रॅमिंग शिकले. आम्ही त्यांना काका म्हणायचो, ते आम्हा सगळ्यांना अहो-जाहो करायचे.

तुमच्याही ऑफिसात हे चालत असेल. एरर आली की ती न वाचताच कॉपी करून इंटरनेटवर टाकायची. काका आधी हातात वही द्यायचे आणि ती मराठीत लिहून काढायला लावायचे. "जे अजून जन्मलंच नाही त्याला हाक मारली," असं मी एकदा लिहिलं आणि लिहितालिहिताच माझी चूक मला दिसली. काकांनी वही बघितलीसुद्धा नाही. "झालं ना? चहा घ्या."

कामोठ्याच्या एका सोसायटीला आम्ही पाहुण्यांचे पास छापायचा प्रोग्रॅम दिला होता. दसऱ्यानंतर तो आपला आपण छापत सुटला. नाव कोरं, फ्लॅट कोरा, पास तयार. तीन दिवस आम्ही कोड उपसला. चौथ्या दिवशी काका तिथे गेले, वॉचमनच्या केबिनबाहेर चपला काढल्या, कीबोर्ड उलटा केला आणि टाचणीने एंटरच्या बटणाखालून तांदळाचा एक दाणा काढला. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली होती. वॉचमनने तोवर न आलेल्या पाहुण्यांचे सगळे पास तारीखवार फाईलला लावून ठेवले होते. आमच्या नोंदीत काकांनी लिहिलं, "कारण : अक्षता. उपाय : काढली. तरी कोऱ्या नावाचा पास छापला, ही चूक आपली."

मग मावशींचं प्रकरण आलं. एका दवाखान्यासाठी आम्ही गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप केलं होतं. हजार फोनांवर चालायचं, पळस्प्याच्या पुढे राहणाऱ्या एका बाईंच्या फोनवर मात्र उघडताक्षणी बंद. आम्ही त्यांना ॲप काढून परत टाकायला सांगितलं. त्यांनी पाच वेळा टाकलं. दरम्यान आठवण येईना म्हणून त्यांनी एकदा साखरेची गोळी दोनदा घेतली आणि अंगणात चक्कर येऊन पडल्या. ते कळलं तेव्हा काका उठले. मला म्हणाले, "चला. जागेवर जाऊन बघू."

रस्त्याला गेलेल्या जमिनीच्या पैशांवर उभं राहिलेलं तीन मजली घर. मुलगा दुबईला. मावशी मागच्या स्वयंपाकघरात राहायच्या, वरचे दोन मजले फक्त झाडायच्या. काकांनी त्यांचा फोन मांडीवर घेतला, विचारपूस सुरू केली आणि बराच वेळ त्यावरच्या घड्याळाकडे बघत राहिले. घड्याळात 7 वाजले नव्हते, '७' वाजले होते असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण मावशींचा फोन मराठीत होता. तो वेळ देवनागरी आकड्यांत सांगायचा. आमच्या ॲपला इंग्रजी आकड्यांपलीकडे काही ठाऊक नव्हतं. मराठी सात दिसला की ते घाबरून मरायचं. आम्ही सगळीच मराठी माणसं, आणि एकाचाही फोन मराठीत नव्हता.

मी म्हटलं, "मावशी, फोन इंग्रजीत करून देतो. लगेच चालेल."

"मना मराठी येतं," मावशी म्हणाल्या. "त्याला येत नाय तर त्यानं शिकावं."

"बरोबर आहे," काका म्हणाले, आणि दोन दिवसांत ॲपला आकडे शिकवले.

पुढच्या गुरुवारी मावशींचा फोन आला, परत बंद पडलंय. काका गेले. ॲप व्यवस्थित होतं. त्यापुढच्या गुरुवारीही तेच. मग दर गुरुवारी. काका दुपारी निघायचे, चारला परत यायचे, अंगाला सुक्या बोंबलाचा वास, आणि नोंद करायचे, "त्रुटी आढळली नाही. पुन्हा पाहावे." साहेबांनी एकदा विचारलं, ही एकच तक्रार आठ महिने उघडी कशी? काका गंभीरपणे म्हणाले, "सर, फार अवघड केस आहे." साहेबांनी त्यांना आणखी मुदत दिली.

मार्चमध्ये काकांची बायपास झाली. मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली, कायमचं. निघण्याआधी काम समजावून द्यायला त्यांनी मला हॉस्पिटलमधूनच फोन केला. सगळे प्रोग्रॅम पाच मिनिटांत उरकले, आणि मावशींबद्दल वीस मिनिटं बोलले. घाई करू नका. फोन आधी हातात घ्या. त्या बोलतील.

गुरुवारी मी गेलो. मावशी घरापुढच्या ओट्यावर फोन घेऊन बसल्या होत्या. माझ्या मागे रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "ते नाय आले?"

मी सांगितलं. ऑपरेशन, नागपूर, आता येणार नाहीत. मग हात पुढे केला. "द्या, काय होतंय बघतो."

त्यांनी फोन दिला नाही. पदराने त्याची काच पुसली आणि तो मांडीवर पालथा ठेवला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "चालू हाय ते."